घाट चढून आलेला वास

आमच्याकडं मटण-मच्छीच्या जेवणाला वशाट म्हणतात. शहरातले लोक ‘नॉनव्हेज’ म्हणतात, पण त्या शब्दाला काही वास नाही. वशाट म्हटलं की परड्यातली चूल, धूर आणि शेजारणीनं भितीवरनं टाकलेली ‘काय शिजतंय गं?’ ही हाक सगळं एकदम येतं. या वशाटातही गावानं उतरंड लावून ठेवलीय. मटणाचा वास मानाचा, कोंबडीचा मध्यम, आणि सुक्या मासळीचा सगळ्यात तळाचा. मटण शिजलं की वास ‘सुटला’ म्हणतात, सुकट भाजली की वास ‘मारतोय’ म्हणतात. खाणारं घर तेच, चूल तीच, पण क्रियापद बदलतं.

शाळेत मी दहावीपर्यंतच गेलो. इतिहास म्हणजे लढाया, तह आणि सनावळ्या, एवढंच तिथं कळलं. पण सुक्या मासळीचा हा वास आमच्या गावात कुठनं आला, कसा आला आणि त्याला खालची पायरी कुणी दिली, याचाही एक इतिहास आहे. तो थोडा आज्याकडनं ऐकलेला, थोडा वाचनालयातल्या गॅझेटियरमधनं वेचलेला आणि बाकीचा नाकानं गोळा केलेला आहे.

आमचं गाव पाटण तालुक्यात, कुंभार्ली घाटाच्या वरच्या अंगाला. घाट उतरला की चिपळूण, उलट्या बाजूला कोयनेच्या कडंकडंनं गेलं की कराड. समुद्र तसा फार लांब नाही, पण माझ्या आजीनं जन्मात समुद्र बघितला नाही. नदीचा मासा माहीत होता. वाम, मरळ, मळे पावसाळ्याच्या तोंडाला मिळायचे. समुद्राचा मासा मात्र वाळलेलाच असतो अशी सगळ्या गावाची समजूत होती. मी पहिल्यांदा ओला बोंबील बघितला तेव्हा पंचविशीचा होतो. हा लिबलिबीत, पांढरा, हातातनं निसटणारा प्राणी म्हणजेच आपल्या उतरंडीतली ती काटकी, यावर विश्वास बसायला वेळ लागला.

जुन्या काळी हा मासा वर यायचा तो दाभोळच्या खाडीनं. गलबतं आणि मचवे भरतीच्या पाण्यावर वाशिष्ठीतनं आत, चिपळूणजवळच्या गोवळकोट बंदरापर्यंत यायचे. तिथनं पुढं पाठीवर ओझं वाहणारे बैल, आणि गाडीरस्ता झाल्यावर बैलगाड्या. खालनं वर मीठ, सुकी मासळी, नारळ, आमसुलं. वरनं खाली गूळ, मिरची, तंबाखू, धान्य. देशावरच्या माणसाला कोकणची ओळख झाली ती अशी पोत्यातनं झाली.

माझा आजा तरुणपणी गाडी घेऊन घाट उतरायचा. तो सांगायचा, मुक्कामाला गाड्या लागल्या की मासळीची गाडी कायम शेवटाला, वाऱ्याच्या खालच्या बाजूला सोडायची. बाकीचे गाडीवान तिच्याजवळ भाकरी सोडत नसत. पण आजा हुशार. घाटात चोराचिलटांची भीती असायची आणि चोरसुद्धा मासळीच्या बोचक्याला हात लावत नसत. म्हणून गुळाचे आलेले पैसे तो खाऱ्या बांगड्याच्या बोचक्यात खोल खुपसून ठेवायचा. “पैशाला वास येतुया म्हनून कंदी कुना सावकारानं परत केल्याचं मला ठावं न्हाय,” असं तो म्हणायचा.

सुकी मासळी म्हणून आपण एकच नाव घेतो, पण वासाच्या दृष्टीनं तिच्यात निदान तीन जाती आहेत. माझी लेक विरारला दिलीय. तिच्याकडं गेलो की मी अर्नाळ्याला चक्कर मारतो, तेव्हा हे डोळ्यानं बघितलं. बोंबलात पाणीच फार, जवळजवळ नव्वद टक्के. त्याला मीठ लावत नाहीत. बांबू रोवून, दोऱ्या ताणून वलांडी उभी करतात आणि दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकतात. दोन-तीन दिवसांच्या उन्हावाऱ्यानं त्याची काटकी होते. कोळणी हे काम ज्या वेगानं करतात ते बघत उभं राहावं. आमच्या बायका भाताचं रोप लावतात तसलाच वेग. जवळा म्हणजे बारीक कोळंबीसारखा जीव, तो खाली पसरून वाळवतात. आमच्याकडं त्यालाच सुकट म्हणतात. या दोघांचा वास उन्हाचा वास आहे. उग्र, पण कोरडा.

बांगड्याची गोष्ट वेगळी. तो तेलकट मासा, नुसता उन्हात टाकला तर तेल खवट होतं. म्हणून पोट फाडून, आतडी काढून, मीठ भरतात आणि थरावर थर रचून ठेवतात. त्याचंच पाणी सुटतं आणि त्या खाऱ्या पाण्यात तो काही दिवस मुरतो. मग उन्हात. हे वाळवणं कमी आणि लोणचं घालणं जास्त. मुरताना मासा आतल्या आत बदलतो, अंग घट्ट होतं, रंग पिवळसर पडतो आणि वास असा तयार होतो की बंद डब्यातनंही तो घरभर हिंडतो. आंबवण्याचीच ही एक तऱ्हा, मीठ तिला लगाम घालून असतं एवढंच. आणि तिसरी जात म्हणजे सुकी मोरी. मोरी म्हणजे लहान शार्क. तिच्या मांसातच युरिया असतो, म्हणजे आपण भाताला टाकतो तोच. मेल्यावर त्याचा अमोनिया होतो. युरियाची गोणी पावसात भिजली की खोलीत जो वास कोंडतो तो ज्यानं घेतलाय त्याला मोरीचा वास समजावून सांगायला नको. तरी तीच मोरी गरम पाण्यातनं काढून, तिरफळ घालून केली तर माणूस ताट चाटतो.

बाजारात मासळी घेताना आमची आजी आधी हातात घ्यायची नाही, आधी हुंगायची. चांगल्या सुकटीला समुद्राचा वास येतो असं तिचं म्हणणं. समुद्र न बघितलेली बाई हे कशावरनं म्हणायची, देव जाणे. पण तिची पारख चुकत नसे. नाकाला झोंबला तर माल जुना. कुबट आला तर ओला असतानाच पोत्यात भरलेला. खाऱ्या बांगड्यावर तांबूस-गुलाबी बुरशीगत थर दिसला की ती पाटी पुढं सरकवायची. वास म्हणजे घाण, असं तिच्या हिशोबात कधीच नव्हतं. तिच्या लेखी वास हीच मालाची पावती.

आता आज्याचं एक गाऱ्हाणं सांगतो, कारण सगळ्या गोष्टीची चावी तिथं आहे. तो म्हणायचा, त्याच्या बापाच्या वेळची मासळी फार वास मारायची. पोरपणी मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसांच्या काळात सगळंच जास्त असतं, थंडीसुद्धा. पण पुढं वाचलं तेव्हा कळलं की त्यात तथ्य असणार. इंग्रज सरकारनं मिठावर कर बसवलेला होता. 1882 साली तो मणाला 2 रुपये होता, 1888 साली अडीच रुपये झाला. हा मण इंग्रजी हिशोबाचा, आजचे साधारण 37 किलो. ज्या काळात शेतमजुराला दिवसाचे दोन-तीन आणे मिळायचे, त्या काळातले हे अडीच रुपये. समुद्र दारात, पाणी खारं, ऊन फुकट आणि मीठ मात्र महाग. मग मासे खारवणारा काय करणार? मीठ कमी घालणार. खाजणातली खारट माती लावून भागवणार. आणि कमी मिठातला मासा मुरत नाही, नासतो.

फ्रान्सिस डे नावाचा एक इंग्रज डॉक्टर होता. त्यानं हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरल्या मासेमारीचा तपास करून 1873 साली अहवाल दिला. त्यात त्यानं मिठाच्या कराचा आणि खारवलेल्या माशाचा संबंध सरकारपुढं मांडला. पुढं मद्रास इलाख्यात आणि आपल्याकडं रत्नागिरी-कारवारच्या किनाऱ्यावर सरकारनं मासे खारवायची कुंपण घातलेली आवारं काढली. मासा आत न्यायचा, सवलतीचं मीठ तिथंच लावायचं, आणि चिमूटभर मीठसुद्धा कुंपणाबाहेर न्यायचं नाही. मला हे वाचून आमच्या साखर कारखान्याच्या वजनकाट्याची आठवण झाली. माल आपला, घाम आपला आणि दारात पहारेकरी दुसऱ्याचा. 1903 साली कर 2 रुपये झाला, 1907 साली 1 रुपया. आज्याची जवानी त्या नंतरची. बापाच्या वेळची मासळी जास्त वास मारायची, हे त्याचं बोलणं म्हातारपणाची फुशारकी नव्हतं. मीठ ज्यांना परवडत नव्हतं, त्यांच्या ताटात तो वास आला. आणि मग त्या वासावरनं त्यांनाच नावं ठेवली गेली.

आमच्या घरात आजी माळकरी. तिनं माळ घातली तेव्हापासनं स्वतः खाणं सोडलं, पण हुंगून मासळी घेणं सोडलं नाही, कारण घरात पाच गडी शेतात राबणारे. पावसाळ्यात चिखलणी-लावणीच्या दिवसांत भाजी नसते, गडी दिवसभर गुडघाभर चिखलात. संध्याकाळी भाकरीबरोबर मूठभर सुकट, लसूण, मिरची आणि वरनं आमसुलाचं पाणी पडलं तरच माणूस दुसऱ्या दिवशी उठतो. आंबट पडलं की वास खाली बसतो, हे आजीला माहीत होतं. त्यामागं रसायनशास्त्र आहे हे मला पुतण्याच्या पुस्तकातनं कळलं. हे सगळं परड्यात, तीन दगडांच्या चुलीवर. मासळीचं मडकं वेगळं, डाव वेगळा आणि ते मडकं कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही. श्रावण लागला की ते पालथं पडायचं.

गावातही असाच उंबरा होता. वरच्या आळीचे लोक म्हणायचे, मासळीचा वास खालच्या आळीतनं येतो. खालची आळी म्हणजे कष्टकऱ्यांची, त्यातही ज्यांना गावानं पाण्यापासनं लांब ठेवलं त्यांची. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. मी सात वर्षांचा होतो. आमच्या घराची मागची भिंत पडली, आजा ओरडत सगळ्यांना खळ्यात घेऊन गेला. त्यानंतर कितीतरी दिवस सगळा गाव शिवारात, ताडपत्र्या आणि कडब्याच्या खोपटांत. भिंती नाहीत, परडी नाहीत, आळ्या नाहीत. थंडीचे दिवस, भाजीपाला कुठला? ज्याच्या उतरंडीत जे सापडलं ते त्यानं बाहेर काढलं. दोन-तीन दिवसांनी तिन्हीसांजेला सगळ्या चुली एकदम पेटल्या आणि सगळीकडनं एकच वास सुटला. वरच्या आळीच्या चुलींवरनंसुद्धा. आज्यानं नाक वर करून हुंगलं आणि मोठ्यांदा म्हणाला, “आरं, ह्यो तर बामनापास्नं म्हारापत्तोर एकच बोंबील हाय की!” कुणी हसलं, कुणी गप बसलं. गावातल्या एका वजनदार माणसानं त्याला नंतर बाजूला घेऊन समज दिली म्हणतात. घरं परत उभी राहिली तशा आळ्याही राहिल्या.

1972 च्या दुष्काळात दगड फोडायच्या कामावर मिलोची लाल भाकरी आणि सुकटीची चटणी, हेच दोन वर्षं खाल्लं. त्याचं फार सांगत नाही. ज्यांनी खाल्लंय त्यांना सांगायला नको.

आता मधे एक वेगळाच मुलूख येतो, पण तो वासाच्या वाटेनंच येतो. आमचा पुतण्या फौजेत. त्याची बदली मणिपूरला झाली होती. सुट्टीवर आला तेव्हा त्यानं ट्रंकेतनं चार प्लास्टिकच्या पिशव्या एकात एक घातलेलं पुडकं काढलं. तीन पिशव्या उघडेपर्यंत काही नाही. चौथी उघडली आणि वहिनी पदर नाकाला लावून थेट अंगणात. कुत्रं आत आलं ते निराळंच. पुतण्या म्हणाला, “काका, ह्याला ङारी म्हणतात.” शाळेत क-ख-ग-घ नंतर ङ घोकला, पण त्यानं सुरू होणारा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो असा.

तिकडं समुद्र नाही. तळ्यातले, ओढ्यातले बोटाएवढे मासे आधी उन्हात वाळवतात. मग जरा भिजवून, पाणी निथळून, पोत्यात घालून पायानं दाबतात. मातीच्या मडक्याला आतनं मोहरीचं तेल चोळायचं आणि त्यात मासे ठासून भरायचे, हवा राहता कामा नये. तोंड लिंपून टाकायचं. चार-सहा महिने हात लावायचा नाही. मीठ घालतच नाहीत, हे ऐकून मला पटेना. पण पुतण्यानं मडकी भरताना स्वतः बघितलेलं. आपली कणगी लिंपतो तसलंच काम, म्हणाला.

वहिनी घरात शिजवू देईना, म्हणून आम्ही परड्यात गेलो. त्याच तीन दगडांवर. पुतण्यानं दोन मासे निखाऱ्यावर धरले. भाजताना वास आणखी वाढला आणि मग, कसं सांगू, वळला. कुबटपणा गेला आणि जुन्या तुपासारखं, भाजलेल्या पापडासारखं काहीतरी वर आलं. उकडलेले बटाटे, भाजलेल्या मिरच्या आणि तो मासा पाट्यावर घेऊन रगडला. याला तिकडं एरोंबा म्हणतात. मी बोटानं चाटलं. पहिल्या घासाला डोळे मिटले, दुसऱ्याला उघडले, तिसऱ्याला भाकरी मागितली. खारा बांगडा, सुकट आणि कुठंतरी जुनं लोणचं, तिन्हीची चव एकात. नाकाला जे लांब ठेवावंसं वाटत होतं ते जिभेला ओळखीचं निघालं. वहिनी लांबनं म्हणाली, “भाऊजी, आंघोळ केल्याबिगर उंबऱ्याच्या आत यायचं न्हाय.” संध्याकाळी तिनंच विचारलं, उरलंय का. चिमूटभर चाखली आणि म्हणाली, “लसूण कमी पडलाय.”

पुतण्या सांगत होता, तिकडची पोरं दिल्लीला शिकायला-नोकरीला जातात आणि खोलीत ङारी शिजवली की घरमालक भांडायला येतो. मला नवल वाटलं नाही. माझ्याच भावकीतल्या एका पोरानं पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये सुकट भाजली होती. सोसायटीवाल्यांनी महिन्याभरात खोली सोडायला लावली. कागदावर कारण दुसरंच लिहिलं होतं.

मोठ्या दुनियेतही हेच चालतं. 1997 साली युरोपातल्या देशांनी आपला सुका बोंबील घेणं थांबवलं. त्यांचा नियम असा की मासा मान्यता मिळालेल्या कारखान्यातनंच आला पाहिजे, आणि बोंबील तर उघड्यावर, दोरीवर वाळतो. विलायतेत बोंबलाला ‘बॉम्बे डक’ म्हणून खाणारे शौकीन होते, त्यांनी ओरड केली. काही वर्षांनी तोडगा निघाला, मान्यताप्राप्त ठिकाणी बांधणी करायची या अटीवर. वलांडी तीच, ऊन तेच, बांधणी तेवढी बदलली.

आमच्या ग्रामसभेत सहा-सात वर्षांपूर्वी हाच प्रश्न आला. बाजारतळावर पेव्हर ब्लॉक बसवले, तेव्हा ठराव मांडला गेला की सुकटवाल्या बायकांची ओळ ओढ्यापलीकडं न्यावी, बाजाराला कळा येत नाही. चार बायका बसायच्या, दोघी चिपळूणच्या बाजूच्या, दोघी इथल्याच. त्यांच्या सासवा त्याच जागेवर बसलेल्या मला आठवतात. मी उठून म्हणालो की ओढ्यापलीकडं गिऱ्हाईक जाणार नाही, आणि पावसाळ्यात तर तिथं चिखल असतो. एक तरुण सदस्य म्हणाला, “नाना, सुधारणा नको का तुम्हाला?” मी विचारलं, “काल रात्री तुमच्याकडं काय होतं?” सभेत हशा झाला, कारण त्याच्या घरची फोडणी सगळ्या आळीनं हुंगलेली होती. ठराव मागं पडला. मटणाच्या गाळ्यांशेजारी पत्र्याखाली त्यांना जागा मिळाली. तिथं ऊन लागत नाही, माल ओलसर राहतो, पण छप्पर आहे.

चौघींतल्या दोघी आता येत नाहीत. एक वारली, दुसरीची सून म्हणते पोरांची लग्नं जमताना अडचण येते. बारका जवळा बराचसा कोंबड्यांच्या खाद्याला जातो, त्यामुळं भाव चढलेत. आम्ही जे दुष्काळात खाल्लं ते आता पोल्ट्रीतल्या कोंबड्या खातात. किराणा दुकानात सुकट आता सीलबंद पाकिटात मिळते. वास येत नाही म्हणून सुना तीच घेतात. मागच्या आषाढात घरच्यांनी तसलं एक पाकीट आणलं. फोडलं तर आतली सुकट ओलीला भरलेली, कुबट. पाकिटावर तारीख होती, परवाना नंबर होता, हुंगायला तेवढी जागा नव्हती. मी ते कोंबड्यांपुढं टाकलं आणि गुरुवारी पत्र्याखालच्या बाईकडं गेलो. तिनं पाटीतली मूठभर उचलून आधी माझ्या नाकापुढं धरली आणि म्हणाली, “घ्या बघून, नाना. हर्णैची हाय.” अर्धा किलो घेतली.